दाराचं माप

काल संध्याकाळी स्टेशनवर गेलो
टेप घेऊन.
यार्डातून नुकती लागलेली गाडी, रिकामी.
डब्याच्या दाराला टेप लावली,
आडवी, मग तिरकी,
मग आत शिरून वळणाचं माप घेतलं.
टीसी म्हणाला, काय मोजताय मामा?
म्हटलं, दार.
तो जरा वेळ बघत राहिला,
मग खाली वाकून
टेपचं दुसरं टोक धरलं.

पुण्याच्या फिरोज कॉन्ट्रॅक्टरांनी फोनवर सांगितलं होतं:
फळी चार फुटी, रूळ कडेपासून पाच इंचांवर,
उंची जमिनीपासून बरोबर एक मीटर,
दोन्ही टोकं उघडी.
तुमच्या अलीकडे नागपूरचे जोडतील,
पलीकडे बहुतेक बेळगाव.
साठ जण येणार आहेत, म्हणाले.
साठ!
चाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले,
मला वाटायचं हे खूळ
भद्रावती पेठेत माझ्या एकट्याच्या खोलीत आहे.

माझी गाडी गोल फिरायची.
खाटेखालून निघायची, खाटेखाली यायची,
अकरा वर्षं.
हिरवा दिवाही मीच, वाट बघणाराही मीच,
उशीर झाला तरी विचारणारं कुणी नाही.
दोन्ही टोकं उघडी म्हणजे
गोल कापायचा.
आरी उचलली. ठेवली. चहा प्यालो.
रेणुका म्हणाली, कापायचं तर नळ यायच्या आत कापा,
आज पाचव्या दिवसाचं पाणी आहे,
मला घागरी ठेवायला जागा लागते.

कापला.

उरलं ते एक छोटं स्टेशन, एक सांधा, एक लिंब.
खडी म्हणजे रांगोळीची भरड, तीनदा चाळलेली.
गवत म्हणजे मागाखालची सुताची धूळ,
हिरव्या रंगात बुडवून वाळवलेली.
इतकं हिरवं? रेणुकानं विचारलं,
कुठलं गाव हे?
आणि विडीच्या सुपातला पानांचा चुरा
चिमटीनं पसरला रुळाच्या कडेनं.
लगेच मे महिना झाला.
लगेच सोलापूर झालं.

त्यांच्याकडे जर्मनीची इंजिनं असणार.
माझं तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं,
आत टेपरेकॉर्डरची मोटर,
जरा चढ आला की खोकतं.
आरशासमोर म्हणून पाहिलं:
नमस्कार, मी नरसय्या गड्डम, सोलापूर.
एवढं जमतं.
पुढे हिंदी लागली तर माझी हिंदी
अर्ध्या वाटेत सांधा बदलून तेलुगूवर जाते.
रेणुका हसली. आरशातच हसली.
ती येत नाही. शनिवारी कारखान्यात
हजार विड्या मोजून द्यायच्या आहेत.

पिशवीत घेतलं: जादा बल्ब, फ्यूज,
दोन स्क्रू-ड्रायव्हर, फेव्हिकॉल,
पातळी बघायला पाण्याची नळी,
जुनी कोयरीची चादर, फळी गुंडाळायला,
आणि एक चादर नवी, घडी न मोडलेली.
ती कुणाला द्यायची ठरलेलं नाही.
कुणीतरी असेल.

प्लॅटफॉर्मवर एकच पॅसेंजर उभा आहे,
तारेचं अंग, मोहरीचं डोकं.
अकरा वर्षं रिकाम्या हातानं उभा होता.
आज बघतो तर त्याच्या पायाशी वळकटी:
चादरीच्या काठाचं एक चिंधूक,
विडीच्या दोऱ्यानं दोन जागी बांधलेलं.
मी काही बोललो नाही.
तिनंही दिवा मालवला.

रूळ संपतो तिथे काडेपेटी उभी केली आहे,
चाचणीत इंजिन खाली पडू नये म्हणून.
अंधारात एकदा चालवलं.
काडेपेटीला नाक लावून थांबलं,
चाकं मात्र फिरत राहिली,
पुढे नागपूर आहे की बेळगाव
त्याला अजून सांगितलेलं नाही.

हुतात्मा साडेसहाला.
गजर साडेचारचा.
पडलो, पुन्हा उठलो,
टॉर्च लावून वहीतलं माप पाहिलं:
वळणावर दोन बोटं शिल्लक.
चादर गुंडाळली तर दीड.